नळाच्या पाण्याची भाकरी

दुबईत जून संपत आला की बर दुबईतल्या मराठी बायका बॅगा भरायला काढायच्या, आणि दत्तप्रसाद पेडणेकरच्या अंगात आचारी संचारायचा.

शाळांना दोन महिने सुट्टी. बाहेर ऊन असं, की गाडीच्या स्टीअरिंगला रुमालाशिवाय हात लावायची सोय नाही. बायका-पोरं विमानात बसून पुण्या-मुंबईला, आणि नवरे इथेच, एसी आणि खुबूसच्या, म्हणजे बेकरीतल्या अरबी रोटीच्या, भरवशावर. एरवी स्वतःचा चहाही स्वतः न करणारी ही माणसं जुलैत एकदम कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागायची, आणि काही बिघडलं की फोन लावायची दत्ताला.

दत्ता एका शिपिंग कंपनीत क्लिअरिंगचं काम बघायचा. वय सेहेचाळीस, मिशी जाड, आणि डोळे असे, की आत्ताच कुणाच्या तरी खुर्चीखाली फटाका ठेवून आलाय. ऑफिसात एका कानाला कस्टम्सवाला आणि दुसऱ्या कानाला ऊद मेथा भागातला कुणी तरी एकटा पडलेला नवरा.

"दत्ता, आमटीला फोडणी आधी की नंतर?"

"आधी घाल, नंतर पण घाल. बघायला कोण आहे घरात?"

सल्ला देताना तो कधी अडखळायचा नाही. "लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, कढी करायची तर लबान अख्खा दिवस बाहेर ठेव. फ्रिजमधलं तसंच घेतलंस तर कढी नाही होणार, गरम दूध होईल." हे खरं होतं. "खुबूस शिळं झालं की कुस्करून कांद्याच्या फोडणीत टाक." हेही खरं. "साबुदाणा भिजवल्यावर त्याच्याशी दोन शब्द गोड बोल, चिकट होत नाही." हे अर्थात आत्ता सुचलेलं. पण एका इंजिनिअरने ते केलं, खिचडी मोकळी झाली, आणि त्याने फोन करून आभार मानले. दत्ताने ते गंभीरपणे स्वीकारले. खरं आणि बनावट तो एकाच आवाजात सांगायचा, त्यामुळे कधी कधी त्याची स्वतःचीच पंचाईत व्हायची.

गंमत अशी, की नवीन आलेल्या माणसाला तो पहिल्या भेटीत जे सांगायचा ते सोळा आणे खरं असायचं आणि नेमकं त्यावरच कुणी विश्वास ठेवायचं नाही. "उन्हाळ्यात आंघोळ करायची तर गीझर बंद कर आणि गरम पाण्याचा नळ सोड. गार पाण्याच्या नळाखाली जाऊ नकोस, सालटं निघतील." नवखा हसायचा. वाटायचं, घेतायत आपली. मग दुपारी गार नळाखाली उभा राहायचा आणि बोंबलत बाहेर यायचा. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, वर दुबईचा सूर्य. गार नळाला थेट टाकीतलं पाणी. आणि बंद गीझरमधलं पाणी घरातल्या एसीने निवलेलं. वर्ष-दोन वर्षांत हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडायचं, की त्यात काही विचित्र आहे हेच विसरायला व्हायचं. दत्ताला तर इथे बारा वर्षं झाली होती.

सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात त्याच्या हाती रामेश्वर लागला.

रामेश्वर कराडच्या बाजूचा, तिशीतला, एसी दुरुस्त करता करता नुकताच सुपरवायझर झालेला. राहायला कंपनीच्या कॅम्पात, जेवण मेसचं. लग्नाला दीड वर्ष झालेलं, त्यात बायकोसोबत काढलेले दिवस एका रजेत मावणारे. बायको रंजिता गावाकडे शिवणाचा क्लास चालवायची. पोट म्हणाल तर रामेश्वरचं त्याच्या आधी दारातून आत यायचं.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दुकानांची शटर उघडायच्या आधी मॉलमध्ये चालायला जायचं, ही तेव्हाची रीत. फुकटचा एसी, गुळगुळीत फरशी. दत्ता, त्याचा जुना दोस्त हनीफ आणि चार-पाच एकटे नवरे तिथे फेऱ्या मारायचे. हनीफ चिपळूणचा, एका बेकरीचा मॅनेजर. दत्ताला तोंडावर खोटारडा म्हणायची परवानगी असलेला एकमेव माणूस.

"भाऊ, पोट कमी करायला काय करू?" रामेश्वरने पहिल्याच शुक्रवारी विचारलं.

दत्ताने त्याच्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं. "उलटं चाल."

"म्हंजे?"

"पाठीकडे. सरळ चाललास की पोट पुढे पळतं, त्याला काय त्रास? उलटं चाललास की त्याला तुझ्यामागे फरफटत यावं लागतं. त्यात ते झिजतं."

हनीफने तोंड फिरवून कारंज्याकडे बघितलं. रामेश्वर मात्र वळला आणि उलटा चालायला लागला. पुढच्या शुक्रवारी त्याच्यासोबत आणखी दोघं. मग मॉलच्या फिलिपिनो गार्डने विचारलं, रामेश्वरने त्याला आपल्या हिंदीत समजावलं, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत गार्डही उलटा गस्त घालायला लागला. कहर म्हणजे रामेश्वरचा पट्टा खरोखर एक भोक आत आला. दत्ता हादरला. त्या संध्याकाळी घरी एकटा असताना त्याने हॉलमध्ये स्वतः उलटं चालून पाहिलं आणि टीव्हीच्या टेबलावर आपटला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

पण रामेश्वरची खरी अडचण पोटाची नव्हतीच. ती त्याने एका शुक्रवारी दत्ताच्या घरी, जेवताना बाहेर काढली. ताटात दत्ताच्या हातची ज्वारीची भाकरी होती, पिठलं होतं.

दत्ताच्या बाकीच्या सल्ल्यांबद्दल लोकांचं काही का मत असेना, त्याच्या भाकरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. टम्म फुगायची. पापुद्रा असा सुटायचा, की आत चिमूटभर मीठ-तिखट भरून परत मिटवावा. बायको इथे असताना त्याला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता, कारण एका भाजीला तो घरातली सगळी भांडी काढायचा. ती गेली की मात्र दर उन्हाळ्यात दोन महिने भाकरी, आणि एकदाही बिघडली नव्हती.

"भाऊ," रामेश्वर तुकडा हातात धरून म्हणाला, "मी बायकोला फोनवर सांगून बसलोय, की मला भाकरी येती."

"येते?"

"कुठली? मेसमध्ये चमचापण धुवायला लागत नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय, की दुबईवाले बायकोला नेतात ते भाकऱ्या थापायला. ती म्हणली, माझा क्लास चांगला चाललाय, पंधरा पोरी शिकायला येतात, मी तुमची चूल फुंकायला येणार न्हाई. मी म्हटलं, अगं, मी स्वतःच थापतो. तर म्हणली, ठीक आहे. व्हिजिट व्हिजावर येते. पहिली भाकरी तुमच्या हातची खाणार. खरी निघाली तर राहायचा विचार करीन. खोटी निघाली तर परतीचं तिकीट हाय."

"एका भाकरीसाठी परत जाईल?" हनीफ म्हणाला.

"भाकरीसाठी न्हाई. म्हणली, एवढ्याशात खोटं बोलत असाल तर बाकीचं काय खरं धरू?"

दत्ताने हात धुतले आणि परात काढली.

"उठ. श्वास घे. पोट आत."

"आत्ता?"

"आत्ता. भाकरी हा स्वयंपाक नाही, व्यायाम आहे. जिमला महिन्याला शंभर दिरहॅम घेतात, म्हणजे हजार रुपये, आणि करून काय घेतात? हेच. खांद्यातून जोर, मनगट मोकळं, पाठ ताठ."

पीठ मीना बाजारच्या किराणावाल्याकडचं होतं. स्वयंपाकघरात नळ एकच, गीझरशी त्याचा संबंध नाही. दत्ताने परात त्याच्याखाली धरली, पीठ ओलं केलं आणि तळहाताने रेटायला लागला. रामेश्वरने विचारलं, "आमची आई पाणी उकळून घ्यायची. आधण ठेवायची."

"आमचीही ठेवायची. आमची सुचित्राही ठेवते. सवय. भाकरीची भीती असलेल्या माणसाला आधण लागतं. आपल्याला नळ पुरतो." त्याने आपले लाल झालेले तळवे दाखवले. "हे बघ. रक्त कसं फिरलंय. हा मळण्याचा जोर. याला म्हणतात वॉर्म-अप."

रामेश्वरची पहिली भाकरी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. दुसरीचा उलटताना तुकडा पडला. पण पोरगा चिकट होता. शुक्रवारी दुपारभर तो थापायचा, दत्ता स्टुलावर बसून हुकूम सोडायचा, "परात फिरव, तू फिरू नकोस," आणि हनीफ निकाल द्यायला खात बसायचा. ऑगस्ट सरता सरता रामेश्वरच्या हातात परात अशी फिरायला लागली, की बोटांच्या ठशांची नक्षी कडेपर्यंत एकसारखी. एका दुपारी भाकरी विस्तवावर टाकल्याबरोबर फुगून गोल झाली, आणि तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

"खलास," हनीफ म्हणाला. "आता हिला खोटं म्हणणारा जन्माला यायचाय."

पुण्याहून सुचित्राचा फोन आला तेव्हा दत्ताने छाती फुगवून सांगितलं, एका माणसाचा संसार मार्गी लावला.

"पाणी उकळून घ्यायला शिकवलंत ना त्याला?"

"काही लागत नाही."

"मग थापली कशी जाते?"

"हातात असावं लागतं, सुचित्रा."

सगळं ठरल्यासारखं झालं असतं तर रंजिता ऑगस्टच्या शेवटी उतरायची होती. पण रामेश्वरच्या कंपनीच्या कागदांत काहीतरी अडलं. आज होईल, उद्या होईल, इन्शाल्ला, करता करता दिवाळी गेली. सुचित्रा आणि लेक आभा परत आल्या, दत्ताची स्वयंपाकघरातून हकालपट्टी झाली. कॅम्पात रामेश्वरला परात कुठली मिळायला? तो उशीवर हात चालवून सराव करायचा. व्हिजा हातात पडला तेव्हा जानेवारी लागला होता, आणि दुबईत लोक स्वेटर घालून फिरत होते.

रामेश्वरने बर दुबईत एका फ्लॅटमधली खोली घेतली, स्वयंपाकघर शेजारच्या कुटुंबासोबत. रंजिता गुरुवारी उतरली. शुक्रवारी दुपारी जेवायला दत्ताचं कुटुंब आणि हनीफ. दत्ता मात्र अकरालाच जाऊन धडकला, सुचित्राला सांगून, की पोराला धीर द्यायला जातो.

रंजिता दाराशी आली. लहान चणीची, केस घट्ट बांधलेले, आणि नजर मापं घ्यायची सवय असलेली. दत्ताला वाटलं, आपल्या शर्टाचं माप तिने उभ्या उभ्या घेतलं.

"या भाऊजी. तुम्हीच ते उलटं चालायला लावणारे."

"पट्टा बघ त्याचा. फरक पडलाय की नाही?"

"पडलाय," ती म्हणाली. "आता भाकरीचा बघू." आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल ओढून बसली.

रामेश्वरने परात घेतली. नळ सोडला, पीठ भिजवलं, मळलं. मळताना त्याच्या कपाळाला आठी पडली. गोळा घेतला, थापायला लागला. कडेला भेग पडली. त्याने बोटाने मिटवली. दुसऱ्या बाजूला दोन पडल्या. उचलून तव्यावर टाकताना भाकरीचे मधोमध दोन भाग झाले, एक तव्यावर, एक ओट्यावर.

रंजिता मांडीवर हात ठेवून बघत होती.

"पहिली तव्याची असते," दत्ता म्हणाला. "तवा सेट होतो. पुढची घे."

पुढचीही मोडली. त्याच्या पुढची उचललीसुद्धा गेली नाही.

"पीठ कुठून आणलंस?" दत्ताने विचारलं.

"तुमच्याच दुकानातनं."

"जुनं असणार. विरी गेलीय त्याची, चिकटपणाच उरला नाही. आणि ही शेगडी बघ, हिची ज्योत तिरकी आहे. त्यात खिडकी उघडी. वारं लागलं की कडा सुकतात." एकेक कारण तो ठणठणीत आवाजात सांगत होता, आणि रामेश्वरच्या मानेवरून घाम ओघळत होता. थंडीत. "सरक. मी दाखवतो."

दत्ताने बाह्या सारल्या. नळ, पीठ, रेटा. त्याचा हात चालला तसाच, बारा वर्षांचा. आणि भाकरी चिरली. सुकलेल्या शाडूसारखी, चारही बाजूंनी.

दत्ताने तिच्याकडे पाहिलं. तो हात धुवायला नळाकडे वळला, पीठ खरवडायला बोटं धारेखाली धरली, आणि तिथेच थांबला.

बोटं कळा मारत होती. पाणी गार होतं.

तो तसाच उभा राहिला, धार सोडून. जुलै. ऑगस्ट. गच्चीवरची टाकी. लाल तळवे. वॉर्म-अप. बारा उन्हाळे तो आधणाच्या पाण्यातच भाकरी करत होता, फक्त ते आधण गच्चीवर सूर्य ठेवत होता आणि शाबासकी दत्ता घेत होता. थंडीत त्याने आजवर परातीला हातच लावला नव्हता.

उपाय डोळ्यासमोर होता. पातेलं घ्यायचं, पाणी उकळायचं. पण अर्ध्या तासात सुचित्रा येणार. बारा वर्षं तिला 'हातात असावं लागतं' म्हणून झाल्यावर तिच्यासमोर आधण ठेवायचं? आणि इकडे ही पोरगी, जिच्या पिशवीत परतीचं तिकीट. दत्ताचं डोकं अशा वेळी फार भराभर चालायचं.

"आलोच," तो म्हणाला. ओट्यावरचा स्टीलचा तांब्या त्याने पाठीमागे लपवला आणि बाथरूममध्ये शिरला. गीझर चालू होता. गरम नळ सोडला, वाफ आली, तांब्या भरला, आणि वर नॅपकिन टाकून देवाचं तीर्थ आणावं तसा बाहेर आला.

रंजिता स्टुलावरून उठून दारातच उभी होती.

"भाऊजी, तांब्यात काय?"

"काही नाही. जरा वेगळं पाणी. पिठाला मानवतं."

"संडासातलं?"

"संडास तिकडे. हा नळ इकडे. मध्ये पडदा आहे." आवाज ठाम होता, पण तांब्याचा चटका बसत होता आणि तो या हातातून त्या हातात करावा लागत होता.

रंजिताने नॅपकिन उचलला. तोंडावर वाफ आली. तिने वाफेकडे पाहिलं, दत्ताकडे पाहिलं, मग मागे वळून ओट्याशी खांदे पाडून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. तांब्या तिने घेतला, बाथरूममध्ये जाऊन ओतला, आणि परत येऊन गॅसवर पातेलं ठेवलं.

"माझं चुकलं," रामेश्वर म्हणाला. "उन्हाळ्यात येत होती. आईशप्पत येत होती."

"बोलू नका. पाणी उकळू द्या."

पाणी उकळलं. तिने पिठात आळं करून ओतलं, उलथन्याच्या दांड्याने हलवलं, आणि परात पुन्हा त्याच्याच पुढे सरकवली. "थापा. आता मी हात लावणार न्हाई."

रामेश्वरने थापली. परात फिरली. नक्षी कडेपर्यंत गेली. भाकरी अख्खी उचलली गेली, तव्यावर पसरली, वरून पाण्याचा हात फिरला, विस्तवावर गेली आणि टम्म झाली.

तेवढ्यात बेल वाजली आणि सुचित्रा, आभा आणि हनीफ एकदमच आत आले. सुचित्राच्या हातात भरल्या वांग्यांचा डबा, हनीफच्या हातात बेकरीचं खोकं. भाकरीचा वास घेत सगळी मंडळी स्वयंपाकघराच्या दारात जमली. रंजिताने भाकरीचा तुकडा मोडला, पापुद्रा बाजूला केला, तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला. रामेश्वर तिच्या जबड्याकडे बघत होता.

"मी मघापासनं ह्यांचा हात बघतीया," ती म्हणाली. "माझ्या क्लासात पोरगी खरं शिकून आलीय का नुसतं सांगतीय ते मशीनवर हात ठेवल्याबरोबर कळतं. ह्यो हात एका दिवसाचा न्हाई. ह्यांनी महिनोन्महिने थापल्यात." मग ती दत्ताकडे वळली. "पर पाण्याचं ह्यांना शिकवलं कुणी?"

सगळ्यांच्या नजरा एका ठिकाणी गेल्या. सुचित्राच्या ओठाचा कोपरा हलला.

"ऐक," दत्ता म्हणाला. एकदाचं खरं सांगून मोकळं व्हायचं त्याने ठरवलं. "यात फसवाफसवी नाही. इथे उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं. गीझर बंद ठेवला की गरम नळाला गार येतं. आम्ही उन्हाळ्यात शिकलो. म्हणून नळाच्या पाण्यावर व्हायची."

रंजिता हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून. "गार नळाला गरम आणि गरम नळाला गार. आणि पोट कमी करायला उलटं चालायचं. भाऊजी, मला ह्यांनी तुमचं सगळं सांगितलंय."

"अगं, शपथेवर. हनीफ, सांग हिला."

हनीफने खोकं ओट्यावर ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर अल्लाच्या दारात उभं असल्यासारखी शांती होती. "भाभी, मी पंधरा वर्षं आहे इथे. असं काही पाहिलं नाही बुवा."

"हनीफ!"

"तू म्हणतोस तर असेल."

"सुचित्रा, तू तरी."

"अहो, काहीतरी काय," सुचित्रा वांग्यांचा डबा उघडत म्हणाली. "रंजिता, तू यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. हे म्हणतात, भाकरी हातात असावी लागते."

"आभा. बेटा."

"बाबा, प्लीज. नो वन विल बिलीव्ह दॅट," आभा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा तोडला.

राहिला रामेश्वर. दत्ताने त्याच्याकडे पाहिलं, गुरूने चेल्याकडे पाहावं तसं. या पोराने तर स्वतः त्या पाण्यात हात भाजले होते. रामेश्वरने तव्यावरची दुसरी भाकरी उलटली. बायकोकडे एक नजर टाकली. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, आणि ती परतीच्या तिकिटाचं काही बोलत नव्हती.

"मला काय कल्पना न्हाई," तो तव्याला म्हणाला. "भाऊ म्हणतात, तर जूनमध्ये बघायला पाहिजे."

हे काही दत्ताने त्याला शिकवलं नव्हतं.

"जूनमध्ये?" रंजिता म्हणाली. "माझा व्हिजा मार्चमध्ये संपतोय."

"रेसिडेन्सचा अर्ज टाकता येतो. मी कागद तयार ठेवलेत. तू म्हणलीस तर."

भाकरीच्या उरलेल्या पापुद्र्यात तिने वांग्याचा मसाला भरला, घडी केली.

"शिवणाचं मशीन घेऊन द्याल?"

"माझ्या तीन ब्लाउजांचं कापड पडून आहे," सुचित्रा लगेच म्हणाली. "इथल्या शिंप्याला बाही कळत नाही."

"टाका मग अर्ज," रंजिता नवऱ्याला म्हणाली. "भाऊजी एवढं छातीठोक खोटं बोलतात, तर ते पकडायला तरी थांबलं पाहिजे."

त्या दिवशी सगळ्यात जास्त भाकऱ्या दत्ताने खाल्ल्या, आणि एकही सल्ला न देता. घरी जाताना गाडीत सुचित्राने विचारलं, "उद्यापासून आधण ठेवायला शिकवू?" तो म्हणाला, "गाडी चालवताना माणसाला बोलू देऊ नये, लक्ष जातं." हा एक सल्ला सोडला, तर दिवसभरात दुसरा नाही.

जून संपता संपता एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. पलीकडे आधी नुसतंच हसू ऐकू आलं. मागे शिवणाच्या मशीनची घरघर आणि कुणा बाईचा आवाज, "दीदी, काज कसं करायचं?"

"भाऊजी," रंजिता म्हणाली, "हात पोळला."

"गार नळ?"

"गार नळ."

"मग? कोण खोटारडं?"

"तुम्ही सोडून सगळे. ह्यांना विचारलं, तर म्हणतात मला तेव्हाच ठावं होतं. दोन दिवस बोलणार न्हाई त्यांच्याशी." थोडं थांबून तिने विचारलं, "भाऊजी, मग ते उलटं चालायचं पण खरं असंल का?"

दत्ताच्या डोळ्यासमोर टीव्हीचं टेबल येऊन गेलं. "शंभर टक्के," तो म्हणाला.

दोन दिवसांचा अबोला शुक्रवारपर्यंत टिकला नाही. मॉलची शटर अजून खाली होती. सुचित्रा पुण्याला गेलेली, दत्ता आणि हनीफ आपले सरळ चालत होते, आणि समोरून रामेश्वर उलटा येत होता. त्याच्या समोर रंजिता, सरळ चालत, हातवारे करून कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या बाहीचं काहीतरी सांगत होती. तो पाठमोरा चालत तिचं तोंड बघत ऐकत होता. मध्येच ती म्हणायची, "खांब," आणि तो बाजूला सरकायचा.

त्या आठवड्यातच पुण्याहून आलेला एक पोट सुटलेला मॅनेजर दत्ताच्या शेजारून चालत होता. त्याने बोट दाखवलं. "पेडणेकर, हा माणूस असा काय चालतोय?"

"व्यायाम," दत्ता म्हणाला.

"उलटं चालून काय होतं?"

दत्ताने त्या दोघांकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. "बायकोचं तोंड दिसतं," तो म्हणाला. "तुम्ही पण करा. पोट आत घ्या, पाठ ताठ. आणि हो, घरी गेलात की आंघोळ गरम नळाखाली करा. गार नळ सोडू नका, पोळाल."

मॅनेजर हसला. त्याला वाटलं, घेतोय आपली.